हवेची पारख

औंध संस्थान सलग असं कधीच नव्हतं. राजधानी खटाव तालुक्यात, आटपाडी दूर पूर्वेला आणि कुंडल आणखी तिसरीकडे, आजच्या सांगली जिल्ह्यात. त्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर १९१० साली श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली. माळाची किर्लोस्करवाडी झाली. आधी लोखंडी नांगर आणि १९२६ साली सेंट्रिफ्युगल पंप.

नांगराला गळतीची चिंता नसते, पंपाला असते. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी. सक्शनच्या बाजूला बारीक छिद्र राहिलं की पंप बाहेरची हवा आत ओढतो. इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, गरगरा फिरतो, पण हवेला तो वर ढकलू शकत नाही आणि पाणी तुटतं. ‘पंप हवा घेतोय’ हे वाक्य कृष्णाकाठच्या प्रत्येक मळ्यात ऐकू येतं.

हे छिद्र पुष्कळदा ओतकामातच जन्माला येतं. वितळलेला रस साच्यात पडताना वायू अडकतो, थंड होताना धातू आकसतो आणि आत बारीक पोकळ्या राहतात. वरची साल शाबूत असेपर्यंत त्या झाकलेल्या असतात. लेथवर कटिंग झालं की साल जाते आणि पोकळीचं तोंड उघडतं. म्हणून मशिनिंगनंतरची तपासणी हीच खरी.

जास्त दाबाची परीक्षा पाण्यानं घेतात, सहसा कामाच्या दाबाच्या दीडपटीला. पाणी दबत नाही, त्यामुळे केसिंग तडकलं तरी दाब क्षणात उतरतो. तेवढ्याच दाबाच्या हवेत साठलेली शक्ती मात्र स्फोटासारखी बाहेर पडते. पण सूक्ष्म छिद्राच्या बाबतीत पाणी फसवतं. ते हवेपेक्षा पन्नासेक पट चिकट, शिवाय पृष्ठताणामुळे छिद्राच्या तोंडाशीच अडून बसतं. जिथून थेंबही येत नाही तिथून हवा सहज निघते.

सर्वांत जुनी हवेची रीत सायकलच्या दुकानातली. जॉबची, म्हणजे तपासायच्या भागाची, सगळी तोंडं रबरानं बंद करायची, आत हवा भरायची आणि टाकीत बुडवायचं. बुडबुडा जिथून निघेल तिथे खडूची खूण. बुडवता येत नसेल तर जोडावर साबणाचा फेस. पण इथे निकाल माणसाच्या डोळ्यावर, आणि शिफ्टच्या शेवटच्या तासाला डोळा थकतो. शिवाय जॉब ओला होतो, तो वाळवा.

म्हणून दाब-घट मोजणारी यंत्रं आली. हवा भरणं, स्थिरावणं, मोजणं, सोडणं, असे त्यांचे चार टप्पे. यातला दुसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि उत्पादनाच्या घाईत कात्री नेमकी त्यालाच लागते. हिशेबच पाहू. जॉबची पोकळी १ लिटर, आत १ बार दाब, गळती मिनिटाला १ घन सेंटिमीटर. १० सेकंदांत दाब उतरतो जेमतेम १७ पास्कल. पण आतल्या हवेचं तापमान एका अंशानं जरी बदललं तरी दाब साडेसहाशे पास्कलांहून जास्त हलतो. अंशाचा दहावा भागसुद्धा गळतीच्या चौपट फरक दाखवतो.

वॉशिंग मशिनमधून नुकताच निघालेला कोमट जॉब आतल्या हवेला तापवतो, दाब चढतो आणि गळका जॉब पास होतो. थंड जॉबमध्ये उलटं घडतं: भरताना दबून गरम झालेली हवा निवते, दाब उतरतो आणि चांगला जॉब भंगारात जातो. बाजूला एक निर्दोष मास्टर जॉब ठेवून दोघांतला फरक मोजणारी यंत्रंही आहेत. त्यांनी बरीच चूक टळते, पण दोघांचं तापमान सारखं असेल तरच. याहून बारीक गळतीला, फ्रिजच्या सीलबंद भागांसारख्या कामाला, हेलियम लागतो. तो महाग आहे आणि पंपाला त्याची गरज नाही.

माझं मत स्पष्ट आहे. यंत्र किती गळतं ते सांगतं, कुठून गळतं ते सांगत नाही. ते पाण्याची टाकीच सांगते, आणि कुठून ते कळल्याशिवाय फौंड्रीतला साचा सुधारत नाही. नवं यंत्र घेतलं म्हणून टाकी मोडीत काढणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सातारा-सांगलीच्या एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवणाऱ्यांना एवढीच विनंती: धुतलेला जॉब खोलीच्या तापमानाला येऊ द्या, स्थिरावण्याचे सेकंद कापू नका आणि रोज पहिल्या शिफ्टला ज्याची गळती ठाऊक आहे असा तुकडा जोडून यंत्राचीच आधी परीक्षा घ्या. आणि शेतकऱ्यांनी मोटारीवर संशय घेण्याआधी चालू पंपाच्या सक्शन जोडांवर साबणाचा फेस लावून पाहावा. फेस जिथे आत ओढला जाईल, तिथलं पॅकिंग बदलावं.