जपानी भाषा शाळा : प्रवेशाआधी अठ्ठावीस तासांचा हिशेब करा

भिवंडी आणि इचलकरंजीच्या कापड धंद्यात जपानचे नाव नवे नाही. त्सुदाकोमा आणि टोयोटा कंपन्यांचे बिनधोट्याचे माग आपल्याकडच्या कारखानदारांच्या परिचयाचे आहेत. आता जपानचे नाव दुसऱ्या वाटेने आपल्या घरांत येऊ लागले आहे. बारावी किंवा पदवी झालेल्या मुलाला एजंट सांगतो, "जपानच्या भाषा शाळेत प्रवेश घ्या. अर्धा दिवस शिका, अर्धा दिवस कमवा. दोन वर्षांत कर्ज फिटेल आणि नोकरीही लागेल." हे ऐकून कोणी दागिने गहाण ठेवतो, कोणी व्याजाने रक्कम उचलतो. आम्ही व्यापारी माणसे. सौदा करण्यापूर्वी माल काय, भाव काय आणि परतावा कधी, हे तीन प्रश्न विचारतो. मुलाच्या दोन वर्षांच्या बाबतीतही तेच विचारले पाहिजेत.

माल काय मिळतो?

या शाळांत एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी असे चार वेळा प्रवेश होतात. शिक्षणाची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे असते. वर्षाला किमान 760 तासिका आणि एका वर्गात वीसपेक्षा जास्त विद्यार्थी नाहीत, असा दंडक आहे. शाळा सकाळी किंवा दुपारी, चार तासिकांची. वर्गात चिनी, नेपाळी, व्हिएतनामी, श्रीलंकन अशी मुले एकत्र असल्याने शिक्षक पहिल्या दिवसापासून जपानीतच शिकवतात. पहिले काही आठवडे मुलाला फारसे काही कळत नाही. घाबरून जाण्याचे कारण नाही, हा अनुभव सर्वांचाच असतो.

हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांची प्रत्येकी 46 मूळ अक्षरे महिनाभरात येतात. खरी कसोटी पुढे कांजी म्हणजे चित्राक्षरांची असते. रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या यादीत 2136 कांजी आहेत. चिनी विद्यार्थी ही अक्षरे घरूनच शिकून आलेला असतो. आपला मुलगा व्याकरणात त्याच्या पुढे असला तरी वाचनात मागे पडतो, आणि परीक्षा वाचनावरच अडते. यावर रोज दहा-पंधरा अक्षरे घोटण्याशिवाय दुसरा इलाज नाही.

उलट वाक्यरचना आपल्याला सोपी जाते. "तोक्यो नि इकिमास" म्हणजे "टोकियोला जातो" आणि "बासु दे इकिमास" म्हणजे "बसने जातो". आपल्या "ला" च्या जागी "नि", "ने" च्या जागी "दे", आणि क्रियापद शेवटी. मराठी, हिंदी किंवा उर्दू बोलणाऱ्याला वाक्य उलटे फिरवावे लागत नाही. मोठ्यांशी वेगळ्या अदबीने बोलायचे असते, हेही आपल्या मुलांना नव्याने सांगावे लागत नाही.

भाव काय पडतो?

आता मुख्य मुद्दा. विद्यार्थी व्हिसावर काम करण्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. त्यावर आठवड्याला 28 तासच काम करता येते. शाळेच्या लांब सुट्टीत दिवसाला आठ तासांपर्यंत मुभा आहे. मद्यालये आणि जुगारवजा खेळांची दुकाने यांत काम करण्यास बंदी आहे.

ऑक्टोबर 2024 पासून टोकियोत किमान मजुरी तासाला 1163 येन झाली. त्या दराने 28 तासांचे 32,564 येन होतात, म्हणजे चार आठवड्यांचे सुमारे 1 लाख 30 हजार. शाळेची फी वर्षाला साधारण 7 ते 8 लाख येन असते. साडेसात लाख धरली तर महिन्याला 62,500 येन फीसाठीच बाजूला काढावे लागतात. राहिले 67 हजारांच्या आसपास. दोघा-तिघांत मिळून घेतलेल्या खोलीचे भाडे 30 ते 40 हजार धरा. उरलेल्या रकमेत जेवण, रेल्वेचा पास, फोन आणि आरोग्य विम्याचा हप्ता. पुढची मजुरी वाढली तर आकडे बदलतील, पण हिशेबाचे स्वरूप बदलणार नाही. काटकसरीने राहणारा मुलगा आपला खर्च आणि फी कशीबशी भागवू शकतो. गावाकडचे कर्ज फेडण्यासाठी या वहीत जमेची बाजूच नाही. म्हणूनच व्हिसा देताना पालकांच्या उत्पन्नाचे आणि बँकेतील शिलकीचे कागद मागितले जातात. तेथील सरकार या कमाईला हातखर्चाची मदत समजते, पगार नव्हे.

यात चलनाचा फेरही पाहावा. 2021 च्या सुरुवातीला एक येन सुमारे 70 पैशांना होता, तो जुलै 2024 मध्ये 52 पैशांच्या आसपास उतरला. येन उतरला की घरून पाठवलेली फी स्वस्त पडते, पण तेथून पाठवलेली कमाई हलकी होते. ज्याने रुपयांत कर्ज काढून येनमध्ये फेडायचे ठरवले, त्याचे नुकसान झाले.

नुकसान नेमके कोठे होते?

ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो 28 तासांवर थांबत नाही. तो डब्याच्या कारखान्यात किंवा पार्सलच्या गोदामात रात्रपाळी करतो, पहाटे खोलीवर येतो आणि सकाळी वर्गात डुलक्या देतो. मग गैरहजेरी सुरू होते. हजेरी घसरली की व्हिसाची मुदत वाढणे कठीण होते. जादा तासही लपून राहत नाहीत. व्हिसा वाढवताना किंवा बदलताना कराचे दाखले पाहिले जातात आणि कमाईचा आकडा तेथे उघडा पडतो. दोन वर्षांचे कष्ट एका कागदावर वाया जातात. या मुलांना आळशी म्हणता येत नाही. वर्गात सर्वांत जास्त मेहनत बहुधा तेच करीत असतात, पण ती मेहनत चुकीच्या खात्यात जमा होते.

कामाकामातही फरक आहे. कारखान्याच्या पट्ट्यावर रात्रभर कोणी कोणाशी बोलत नाही. भाषा तेथे वाढत नाही. कोन्बिनी म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानाच्या गल्ल्यावर तितक्याच तासांत शेकडो गिऱ्हाइकांशी बोलावे लागते. गल्ल्यावर भाषा किती लवकर येते, हे दुकानदाराला समजावून सांगायला नको. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, पण व्यवहाराची मराठी बाजारानेच शिकवली. मात्र कोन्बिनीत उभे राहण्यासाठी थोडी जपानी आधीच यावी लागते. ती घरून घेऊन गेलेला मुलगा पहिल्या महिन्यापासून पुढे असतो.

खाण्यापिण्याचेही सांगितले पाहिजे. तयार डब्यांत डुकराचे मांस किंवा चरबी असू शकते, म्हणून पाकिटावरचा मजकूर वाचता येणे ही तेथे गरज आहे. टोकियोच्या शिन-ओकुबो भागात हलाल मालाची दुकाने आहेत. स्वयंपाक येणाऱ्या मुलाचे पैसेही वाचतात आणि काळजीही मिटते.

परतावा कधी?

भाषा शाळेचा दाखला ही पदवी नव्हे. भारतातून पदवी घेऊन गेलेल्या मुलाला भाषा चांगली आल्यावर शिक्षणाशी जुळणारी नोकरी मिळाली, तर थेट कामाचा व्हिसा मिळू शकतो. फक्त बारावी झालेल्याला पुढे दोन वर्षांची व्यवसाय शाळा किंवा विद्यापीठ करावे लागते. म्हणजे त्याचा हिशेब दोन वर्षांचा नसून किमान चार वर्षांचा आहे. एजंट हे सहसा सांगत नाही.

केवळ रोजगारच हवा असेल तर निराळी वाट आहे. जपानने एप्रिल 2019 मध्ये "विशेष कुशल कामगार" व्हिसा सुरू केला आणि जानेवारी 2021 मध्ये त्यासाठी भारताशी करार केला. त्यात कामाची आणि प्राथमिक जपानीची परीक्षा द्यावी लागते, भाषा शाळेची फी लागत नाही. मार्च 2024 मध्ये या योजनेत कताई, विणकाम, रंगाई आणि शिलाई यांचाही समावेश करण्याचे ठरले. माग आणि शिलाई मशीन जाणणाऱ्या घरांनी या वाटेची चौकशी अवश्य करावी.

फी आधी घेऊन व्हिसाचा वायदा करण्याचा प्रकार नवा नाही. 1988 मध्ये शांघायमध्ये जपानी शाळांना फी भरूनही व्हिसा न मिळालेल्या हजारो तरुणांनी जपानी वकिलातीला वेढा घातला होता. त्यानंतर 1989 पासून शाळांची तपासणी सुरू झाली. एप्रिल 2024 पासून नवा कायदा लागू आहे. त्यानुसार शाळांना शिक्षण मंत्रालयाची मान्यता घ्यावी लागते, जुन्या शाळांना मार्च 2029 पर्यंत मुदत आहे. मान्यताप्राप्त शाळांची यादी मंत्रालय जाहीर करते. एजंटाने सांगितलेले नाव त्या यादीत आहे का आणि नसल्यास शाळेने अर्ज केला आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

पालकांना आमचे सांगणे इतकेच आहे. निदान पहिल्या वर्षाची फी आणि सहा महिन्यांचा खर्च बिनव्याजी, स्वतःचा असेल तरच मुलाला पाठवा. जाण्यापूर्वी त्याला येथेच जपानी शिकवा. पुण्यात हे शिक्षण अनेक वर्षांपासून मिळते, आणि जुलै व डिसेंबरमध्ये होणाऱ्या जपानी भाषा परीक्षेचे केंद्र पुणे व मुंबईत आहे. सर्वांत खालची एन-5 आणि तिच्या वरची एन-4 या दोन पायऱ्या घरचे जेवण जेवून पार होत असतील, तर त्यांच्यासाठी येन मोजण्याचे कारण नाही. एजंटाकडून फीची पावती शाळेच्या नावाने घ्या आणि व्हिसा नाकारला तर किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्या. जो हे लिहून द्यायला तयार नसेल, त्याच्याकडे मुलाचे कागद देऊ नका.