पेशीतली रिळं आणि कणगी

मैत्रिणींनो, आपल्या बहुतेक प्रकारच्या पेशींच्या आत एक केंद्रक असतं. साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या या केंद्रकात सुमारे २ मीटर लांबीचा डीएनएचा धागा मावतो. तो कसा, ते आज आम्ही सांगणार आहोत.

हिस्टोन नावाची प्रथिनं रिळांसारखं काम करतात. धागा त्यांच्यावर गुंडाळलेला असतो, म्हणून गुंता होत नाही. केंद्रकाच्या भिंतीला आतून लॅमिन प्रथिनांची जाळी असते. कणगीच्या विणीसारखी ती केंद्रकाचा आकार धरून ठेवते.

ही वीण बिघडली तर काय होतं, ते प्रोजेरिया या फार दुर्मिळ आजारात दिसतं. लहानपणीच मुलाची वाढ खुंटते, केस गळतात, चेहरा म्हाताऱ्यासारखा होतो. बुद्धी मात्र शाबूत असते. लॅमिनच्या जनुकात एकाच अक्षराचा बदल झाल्याने हे घडतं, असं २००३ साली कळलं. हा बदल बहुधा नव्यानेच होतो, आईबापांकडून आलेला नसतो.

ग्रहण, नजर, मागच्या जन्मीचं पाप यांचा इथे काही संबंध नाही. तेव्हा असं मूल दिसलं तर त्याच्या आईला बोल लावू नका. तिच्यासोबत बालरोगतज्ज्ञांकडे जा.