कोऱ्या कागदावरचा शिक्का

बिदर शहरात महमूद गवानाचा मदरसा आजही उभा आहे. १४७२ साली पुरी झालेली ही इमारत पाहावयास येणारा प्रवासी तिच्या भिंतींवरील रंगीत नक्षी कौतुकाने न्याहाळतो. परंतु ती बांधणाऱ्या वजिराचा अंत कसा झाला, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. इराणातील गिलान प्रांतातून आलेला हा कर्तबगार पुरुष बहमनी राज्याचा मुख्य प्रधान झाला. त्याच्या सुधारणांमुळे दुखावलेल्या सरदारांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्या सेवकाला वश केले आणि एका कोऱ्या कागदावर वजिराची मोहर उमटवून घेतली. मागाहून त्या कागदावर ओरिसाच्या राजाला चालून येण्याचे निमंत्रण लिहिण्यात आले. सुलतान तिसऱ्या महंमदशहाने मोहर ओळखली, चौकशी केली नाही, आणि एप्रिल १४८१ मध्ये आपल्या वृद्ध प्रधानाचा वध करविला. फिरिश्त्याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. मोहर खरी होती. मजकूर तेवढा खोटा होता.

हे जुने प्रकरण आज आठवण्याचे कारण असे की, शिक्क्याचा तोच प्रश्न सांप्रत खिशातील फोनमध्ये निराळ्या वेषाने शिरला आहे. समजा, बिदरच्या एखाद्या बिद्री भांड्यांच्या दुकानदाराने किंवा कलबुर्गीच्या तूरडाळीच्या व्यापाऱ्याने विक्रीसाठी एक ॲप करवून घेतले. त्याचे गिऱ्हाईक भालकीचे असेल, आळंदचे असेल, नाहीतर सीमेपलीकडील उदगीर-सोलापूरचे. माल कोठवर आला, हे गिऱ्हाइकाला विचारावयाचे असते. माल निघाला, हे दुकानदाराला कळवावयाचे असते. निरोपांची ही सारी व्यवस्था मुळापासून उभारणे लहान दुकानाला झेपत नाही. म्हणून तयार संवाद-सेवा भाड्याने घेऊन ती ॲपला जोडण्याची रीत सर्वत्र रूढ झाली आहे.

ही सेवा दोन कामे करते. निरोपांची ने-आण करणे हे पहिले, आणि गिऱ्हाइकाने ॲपमध्ये काय केले याचे टिपण ठेवणे हे दुसरे. कोणी कोणती सुरई पाहिली, कोणी मागणी अर्धवट सोडली, कोण महिनाभर फिरकला नाही, हे त्या टिपणावरून समजते आणि त्यानुसार निरोप धाडता येतो.

जोडणीची रीत समजण्यास कठीण नाही. सेवा देणारी कंपनी आपल्या कार्यक्रमाचा एक तयार भाग देते. तो ॲपमध्ये बसवावयाचा आणि त्यास दुकानाचा खाते-क्रमांक सांगावयाचा. गिऱ्हाइकाने लॉगिन केले की त्याचा ओळख-क्रमांक सेवेला कळवावयाचा. त्यानंतर 'मागणी नोंदविली', 'पैसे भरले' अशा ठरावीक घटना घडतील तशा कळवीत राहावयाचे. ॲप बंद असतानाही फोनवर सूचना झळकावी, यासाठी ॲपल किंवा गूगल यांच्या सूचनायंत्रणेकडून त्या फोनपुरती एक खूण मिळते. ती जणू टपालपेटीचा क्रमांकच. हा क्रमांक सेवेपाशी नोंदविला, म्हणजे निरोप नेमक्या फोनवर उतरतो. मात्र २०२२ साली आलेल्या तेराव्या अँड्रॉइडपासून नव्या ॲपला अशा सूचनांसाठी फोनधारकाची परवानगी आधी मागावी लागते.

येथवर सारे सुरळीत वाटते. पण येथेच एक प्रश्न उभा राहतो. "माझा क्रमांक १०१" असे ॲपने सांगितले आणि सेवेने ते मुकाट्याने मानले, तर उद्या कोणीही कारागीर बुद्धीचा मनुष्य "मीच १०१" असे सांगून दुसऱ्याचा पत्रव्यवहार वाचू शकेल. कोणाची किती उधारी आहे, कोणाचा पत्ता काय, हे सारे त्याच्यापुढे उघडे पडेल.

यावर गणिताने एक उपाय दिला आहे. त्याचे नाव 'एचमॅक'. १९९६ साली बेलारे, कॅनेटी व क्रॉचिक या संशोधकांनी तो मांडला. दुकानाच्या सर्व्हरवर एक गुप्त किल्ली ठेवावयाची. गिऱ्हाइकाने लॉगिन केले की त्याचा क्रमांक आणि ती किल्ली यांच्या मिश्रणातून सर्व्हर एक लांबलचक खूण काढतो. प्रचलित पद्धतीत ती चौसष्ट अक्षर-अंकांची असते. सेवेपाशीही तीच किल्ली असते. ती स्वतः हिशेब करून पाहते. खूण जुळली तरच दार उघडते. किल्लीवाचून खूण काढता येत नाही, आणि खुणेवरून किल्ली शोधता येत नाही.

गवानाच्या मोहरेहून ही मोहर वेगळी कशी, हे येथे ध्यानात येईल. ती मोहर प्रत्येक कागदावर सारखीच उमटत असे. म्हणून कोरा कागद पुरला. ही खूण ज्या नावासाठी काढली त्या नावालाच चिकटलेली असते. १०१ ची खूण १०२ ला चालत नाही. तरीही, खूणच कोणी चोरली तर ती पुन्हा वापरता येते. म्हणून अलीकडे तिला मुदत घालण्याची पद्धत पडत आहे.

परंतु किल्लीच चोराच्या हाती गेली, तर गणित काय करील? घाईत काम उरकणारे कारागीर ती किल्ली कधीकधी ॲपच्या आतच लिहून ठेवतात. ॲप तर हजारो फोनांवर उतरते, आणि ते उकलून पाहणे जाणत्याला अवघड नाही. शिक्का सेवकाच्या हाती सोपविण्याचाच हा प्रकार होय. आणखी एक साधी चूक घरोघर नडते. खेड्यात एकच फोन सारे घर वापरते. एकाने लॉगआउट केले तरी संवाद-सेवेला ते कळविले नाही, तर बापाच्या उधारीचा निरोप मुलासमोर झळकतो. लॉगआउटबरोबर सेवेतील ओळखही पुसली पाहिजे.

आता टिपणाविषयी. वाण्याची खातेवहीही गिऱ्हाइकाचे टिपणच ठेवीत असे. पण वहीत काय लिहिले जाते, ते गिऱ्हाईक समोर बसून पाहत असे. येथील वही त्याला दिसत नाही. म्हणून माल पोचविण्यास जे लागते तेवढेच टिपावे, अधिक नको. याला आता कायद्याचेही पाठबळ आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्या प्रकरणातील अर्जदार के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. पुढे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य कर्तव्ये लागू होण्यास तेव्हापासून अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे हा कायदा सांगतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवण्यास तो मनाई करतो.

सीमाभागाला त्यातील एक तरतूद विशेष मोलाची आहे. संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला मिळाली पाहिजे. बिदर-कलबुर्गीच्या बाजारात कन्नड, मराठी आणि उर्दू एकाच पेठेत नांदतात, आणि या तिन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. औरादच्या आजीबाईंनी न समजणाऱ्या मजकुराखाली 'मान्य' या शब्दावर बोट टेकविले, तर ती संमती नव्हे. तो कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठाच होय.

महमूद गवान निर्दोष असल्याचे सुलतानाला पुढे उमगले, पण तो पश्चात्ताप वजिराच्या उपयोगी पडला नाही. वर्षभरात सुलतानही वारला. आजच्या दुकानदाराला स्वतः गणित करावयाचे नाही. ॲप बांधणाऱ्याला त्याने काम सोपविताना एवढेच विचारावे की, गुप्त किल्ली कोठे ठेवली आहे, गिऱ्हाइकाविषयी काय काय टिपले जाते, आणि ते गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत सांगितले आहे काय. याची सरळ उत्तरे मिळेपर्यंत जोडणीचे काम पुरे झाले असे त्याने मानू नये.