अतिस्थूल रुग्ण आणि त्याची ग्रहणी

स्थौल्याचा रुग्ण समोर आला की त्याला मंदाग्नी ठरवून हिंग्वाष्टकाची वा त्रिकटूची पुडी बांधून देण्याचा प्रघात आपल्या व्यवसायात चांगलाच रुळला आहे. वस्तुतः चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अष्टौनिंदितीय अध्यायात याच्या उलट वर्णन केले आहे. मेदाने मार्ग अवरुद्ध झाल्यामुळे वायू कोष्ठातच विशेषत्वाने संचार करतो व अग्नीस प्रदीप्त करतो. म्हणून अतिस्थूलाचे अन्न शीघ्र पचते, त्याला पुन्हा आहाराची इच्छा होते आणि भोजनकाळ टळल्यास तो व्याधिग्रस्त होतो, असे तेथे सांगितले आहे. धात्वग्नीच्या मांद्याचा विचार निराळा. येथे प्रश्न कोष्ठातील अग्नीचा, म्हणजेच ग्रहणीचा आहे. अतिस्थूल व्यक्तींच्या लहान आतड्याचा अलीकडे जो अभ्यास झाला, तो या दृष्टीने आपण वाचावयास हवा.

हा अवयव अभ्यासास मोठा दुर्गम. सुमारे सहा मीटर लांबीच्या या नळीत नेहमीची दुर्बीण आद्यांत्राच्या पलीकडे फारशी जात नाही. त्याच्या अंतस्त्वचेचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे असल्याचे आपण विद्यार्थिदशेत पाठ केले होते; २०१४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी फेरमोजणी केली, तेव्हा ते तीस चौरस मीटरच्या आसपास भरले! स्थौल्यावरील शस्त्रक्रिया वाढल्या, तेव्हा कोठे मध्यांत्राचे नमुने अभ्यासकांच्या हाती येऊ लागले. रक्तातील सिट्रुलिन हे द्रव्य प्रामुख्याने आतड्याच्या पेशींतच तयार होते. त्यामुळे त्याच्या मापनावरून त्या पेशींच्या एकूण वस्तुमानाचा अंदाज बांधता येतो.

नेदरलँड्समधील मास्ट्रिक्ट येथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अतिस्थूल असून रक्तशर्कराही वाढलेल्या व्यक्तींत हे सिट्रुलिन अधिक आढळले. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या संशोधकांनी २०१५ मध्ये आद्यांत्रात थेट ग्लुकोज सोडून पाहिले. अतिस्थूलांत त्याचे शोषण अधिक वेगाने झाले, शर्करा वाहून नेणाऱ्या प्रथिनाची निर्मितीही अधिक दिसली. उलट, आतड्याच्या खालच्या भागातून प्रामुख्याने स्रवणारे आणि तृप्तीस साहाय्यक ठरणारे जीएलपी-१ हे संप्रेरक कमी वाढले. अन्न वरच्या भागातच झपाट्याने शोषले गेले तर खालच्या भागास त्याची वार्ताच उशिरा पोहोचते, असा याचा अर्थ लावता येतो. शीघ्र जरण आणि अतिक्षुधा यांचे साहचर्य येथे दिसते. तथापि सिट्रुलिन म्हणजे अग्नी नव्हे, आणि एवढ्यावरून संहितेस प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मिळाले असा डांगोरा पिटणे आम्हांस मान्य नाही. हे बदल स्थौल्याचे कारण की परिणाम, हेही या अभ्यासांवरून ठरत नाही.

केवळ शोषण घटविणे हा मात्र यावरचा उपाय नव्हे. १९५४ पासून अमेरिकेत मध्यांत्राचा आरंभ थेट शेषांत्राच्या शेवटास जोडून आतड्याचा मोठा भाग वगळण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. वजन उतरले, परंतु अतिसार, मूतखडे व यकृताचे गंभीर विकार मागे लागले आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर झालेली शस्त्रक्रिया वाचकांस स्मरत असेल. तीत जठराचाच भाग काढला होता. तथापि अशा शस्त्रक्रियेनंतर अन्न आतड्यात त्वरेने उतरते आणि जीएलपी-१ वाढते. जठर कापावे आणि उत्तर ग्रहणीने द्यावे, असा हा प्रकार.

कोल्हापुरात तालीम सुटली तरी खुराक न सुटलेले जुने मल्ल आपल्याकडे येतात. गंगावेशीतील धारोष्ण दूध व तांबडा-पांढरा रस्सा पचविणारा हा अग्नी मंद कसा म्हणावा? अशांना दीपन देणे म्हणजे भडकलेल्या चुलीत आणखी सरपण सारणे होय. येथे गुरु परंतु अपतर्पण आहार हेच सूत्र. यव, कुळीथ, मूग, आमलकी. औषधांत गुडूची, भद्रमुस्ता, त्रिफला, तक्रारिष्ट. विडंग, शुंठी हीही त्या अध्यायात आहेत, परंतु ती लेखन-रूक्षणाच्या योगात. भूक वाढविण्यासाठी नव्हेत.

रुग्णांचे दोन नवे वर्गही आता दारी येऊ लागले आहेत. पहिला, आद्यांत्र वगळणारी शस्त्रक्रिया झालेल्यांचा. लोह मुख्यतः तेथेच शोषले जात असल्याने पांडुत्व दिसताच केवळ लोहकल्पांवर विसंबू नये. रक्ततपासणी करून शल्यचिकित्सकाशी संपर्क साधावा. दुसरा वर्ग, २०२५ पासून भारतात वजनासाठी मिळू लागलेली टिर्झेपेटाइड वा सेमाग्लुटाइडची इंजेक्शने घेणाऱ्यांचा. त्यांचे हृल्लास व मलावष्टंभ बहुधा त्या औषधाचेच कार्य असते. तेथे तीक्ष्ण विरेचन देऊ नये, इंजेक्शनाविषयी आधी विचारावे.

औषधालय चालकांस एक विनंती. मेदोहर म्हणून गुग्गुळकल्प मागणारे ग्राहक चिठ्ठीवाचून येतात. गुग्गुलिपिडामुळे प्रोप्रानोलॉल व डिल्टियाझेम या औषधांची रक्तातील मात्रा घटते, असे मुंबईतील संशोधकांनी १९९४ मध्येच दाखविले आहे. स्थूल ग्राहकास बहुधा रक्तदाबही असतो. डबी हाती देण्यापूर्वी तो कोणत्या गोळ्या घेतो, एवढे विचारावे आणि यांपैकी एखादी असल्यास त्यास वैद्याकडे पाठवावे.