दिवस राहण्याआधीची भेट

बायपोलर आजार असलेल्या मुलीच्या घरात बाळाचा विषय बहुधा उशिरा निघतो. पाळी चुकते, तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा येतात आणि त्याच संध्याकाळी कुणीतरी सांगतं, 'आता त्या डोक्याच्या गोळ्या बंद कर.' सल्ला प्रेमापोटीच दिलेला असतो, पण तो महागात पडू शकतो.

बायपोलर म्हणजे नुसता लहरी स्वभाव नव्हे. काही आठवडे टोकाचा उत्साह, झोपेची गरजच नाही, पैशांची उधळपट्टी. मग महिनोन्‌महिने नैराश्य. गोळ्या ही आवर्तनं थोपवून धरतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ८९ गर्भवतींवर लक्ष ठेवलं होतं. मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधं थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ८६ टक्के जणींचा आजार गरोदरपणात उलटला. औषधं चालू ठेवणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३७ टक्के होतं.

मग सगळ्याच गोळ्या चालू ठेवायच्या का? नाही. चिठ्ठीवर 'सोडियम व्हॅल्प्रोएट' किंवा 'डायव्हलप्रोएक्स' लिहिलं आहे का, ते आधी पाहा. गरोदरपणात हे औषध घेतल्यास दहापैकी साधारण एका बाळात मोठं जन्मजात व्यंग आढळतं. ३० ते ४० टक्के मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात, वागण्यात अडचणी येऊ शकतात. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते. बातमी कळेपर्यंत ही वेळ बहुधा निघून गेलेली असते. म्हणूनच औषध बदलायचं ते दिवस राहण्याआधी. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना व्हॅल्प्रोएट देऊ नये, असं स्पष्ट सांगितलं. तरी अविवाहित मुलींना ते 'लग्नानंतर बघू' म्हणत दिलं जातं, हे मला पटत नाही. मात्र हे औषध चालू असताना दिवस राहिलेच, तर ते आपल्या मनाने थांबवू नका; मानसोपचारतज्ज्ञांना लगेच गाठा.

लिथियमची भीती वास्तवापेक्षा मोठी आहे. हृदयातल्या दोषाचा धोका थोडा वाढतो, डोस जास्त असेल तर अधिक; पण बहुतेक बाळं निरोगी जन्मतात. गरोदरपणात रक्तातली लिथियमची पातळी घसरते आणि बाळंतपणानंतर पुन्हा चढते, त्यामुळे रक्ततपासणी वारंवार करावी लागते.

मूल नको असेल तेव्हाही औषधांची नावं स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगायला हवीत. कार्बामाझेपिनमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो. उलट, इस्ट्रोजेन असलेली गोळी लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी खाली आणते आणि आजार डोकं वर काढू शकतो. तांबीला यातली कोणतीच अडचण नाही.

सर्वांत नाजूक काळ बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे. वास्तवाचं भान सुटण्याचा गंभीर आजार एरवी हजारात एक-दोन बाळंतिणींना होतो. बायपोलर असलेल्यांमध्ये साधारण पाचात एकीला. आपल्याकडे नेमक्या याच काळात ती माहेरी असते. उपचार पुण्यात, बाळंतपण बीडला आणि फाइल सासरच्या कपाटात! सातव्या महिन्यात निघतानाच फाइल, औषधांची यादी आणि डॉक्टरांचा नंबर बॅगेत ठेवा. रात्रीचं एखादं दूध वाटी-चमच्याने आजीने किंवा बाबाने पाजावं, म्हणजे तिला सलग झोप मिळेल. दोन रात्री झोप नाही आणि तरी ती ताजीतवानी, सारखी बोलते आहे, असं दिसलं तर वाट पाहू नका. दाखल करावं लागलं, तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा आईपासून वेगळं करायचं नसतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र दाखल करणारा विभाग आहे.

याच कायद्याने मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायलाही मनाई केली आहे. मूल हवं की नको, हे तिने ठरवायचं. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसतील तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.