परीक्षकांचा अभिप्राय कसा वाचावा?

संगणकावर इलेक्ट्रॉनिक संगीतरचना करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांची संख्या वाढते आहे. एक सामायिक संगणक, एक हेडफोन आणि रात्रीच्या अभ्यासानंतरचा तासभर वेळ एवढ्या भांडवलावर ही मुले रचना सिद्ध करतात आणि स्पर्धेला पाठवतात. निकालासोबत परीक्षकांचा अभिप्राय येतो. बहुतेक जण गुण पाहतात आणि कागद मिटून ठेवतात. काही जणांची दुसरी रचना मग होतच नाही. वस्तुतः गुण त्या दिवशीचे स्थान सांगतात. पुढची वाट अभिप्रायातच असते. म्हणून तो कसा वाचावा, याचे थोडे विवेचन येथे करीत आहोत.

अभिप्रायातील शेरे साधारणतः तीन प्रकारचे असतात : ध्वनीविषयीचे, बांधणीविषयीचे आणि अभिरुचीविषयीचे. तिन्ही एकाच मापाने तोलू नयेत.

‘खालचे स्वर गढूळ वाटतात’ हा शेरा पहिल्या प्रकारचा. मानवी कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. या रचनांत ठोका देणारा किक आणि बेसचे स्वर बहुधा ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास एकवटतात. एकाच पट्ट्यात दोन बलवान ध्वनी आले की एक दुसऱ्याला झाकतो. अशा वेळी इक्वलायझरने एकाला त्या पट्ट्यात किंचित उतरवावे, किंवा ठोका पडताच बेस क्षणभर दबेल अशी योजना करावी. ‘आवाज फाटतो’ याचेही कारण निश्चित आहे. डिजिटल ध्वनिमुद्रणात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते; तिच्यावर जाणाऱ्या लहरींचे माथे छाटले जातात. ‘बेस ऐकूच येत नाही’ असे कोणी म्हटले, तर ती रचना मोबाइलवर वाजवून पाहावी. त्याचा लहानसा स्पीकर खोल स्वर जवळजवळ उमटवतच नाही. असे शेरे वादाचे नसतात. ते तपासावेत आणि दुरुस्ती करावी.

दुसऱ्या प्रकारचा नेहमीचा शेरा म्हणजे ‘पुनरावृत्ती फार आहे’. याचे गणित मांडून पाहावे. मिनिटाला १२० ठोके असा वेग आणि चार ठोक्यांचा एक खंड धरला, तर चार खंडांचा लूप ८ सेकंदांत संपतो. तीन मिनिटांच्या रचनेत तो २२ वेळांहून अधिक वाजतो. पुनरावृत्ती हा या संगीताचा स्वभावच आहे. पण ठेका धरणारा तबलजीदेखील मधूनच छोटा तुकडा घेऊन समेवर येतो आणि ऐकणाऱ्याला जागे ठेवतो. दर आठ खंडांनी एखादे वाद्य थांबवावे, फिल्टर हळूहळू उघडावा, कधी ठोकाच काढून घ्यावा. लूप तोच राहिला, तरी श्रोत्याला पुढे काय होणार याची ओढ लागते.

तिसरा प्रकार अभिरुचीचा : ‘या शैलीत राग शोभत नाही’. येथे घाई करू नये. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेले मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझर आणि ताल-यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बांधले. तेव्हा त्या ध्वनिमुद्रिकेला फारसा ग्राहक मिळाला नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगभरच्या जाणकारांनी तिची दखल घेतली. मात्र या उदाहरणाची ढाल करून फाटलेल्या आवाजाचे समर्थन करता येणार नाही. त्या प्रयोगामागे वर्षानुवर्षांची वादनसाधना होती.

आमची विद्यार्थ्यांना सूचना साधी आहे. निकालानंतर आठवडाभराने कागद पुन्हा उघडावा. प्रत्येक शेऱ्यापुढे तो कोणत्या प्रकारचा, हे लिहावे. स्वतंत्रपणे ऐकणाऱ्या दोन परीक्षकांनी एकच गोष्ट नोंदवली असेल, तर ती आधी हाती घ्यावी. मूळ रचना जपून ठेवावी, दुसऱ्या प्रतीवर काम करावे आणि दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात. दुसरी प्रत अधिक स्पष्ट ऐकू आली, तर शेरा उपयोगी पडला. नाही आली, तर पहिली हाताशी आहेच. परीक्षकांनी रचना ऐकली आहे, रचनाकाराला तोललेले नाही, एवढे ध्यानी ठेवले तर कागद उघडणे सोपे जाते.