सिमेंटचे पत्रे उतरवताना

पावसाळा तोंडावर आला की जुन्या घरांवरचे गळके सिमेंटचे पत्रे काढून रंगीत लोखंडी पत्रे टाकण्याची घाई सुरू होते. दोन मजूर वर चढतात, गंजलेले हूक हातोड्याने तोडतात आणि पत्रे खाली टाकतात. दुपारपर्यंत छप्पर मोकळे होते आणि अंगणात तुकड्यांचा ढीग पडतो. मग घरातले कोणीतरी तो चुरा खराट्याने झाडून काढते. खर्च वाचला म्हणून सगळे खूश असतात.

आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात साधारण दहा टक्क्यांपर्यंत अ‍ॅस्बेस्टॉस असते. हा खनिज तंतू आहे. जळत नाही, कुजत नाही, सिमेंटला घट्ट धरून ठेवतो, म्हणून तो वापरला गेला. साठहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आपल्याकडे असे पत्रे आजही विकले जातात. पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही हे नुसते पाहून कळत नाही. त्यामुळे जुना सिमेंटचा पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चालावे.

अखंड पत्र्याखाली राहणाऱ्यांनी लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही. तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात. पत्रा धड असेल, तर तो न छेडता ठेवणे हाच बहुतेक वेळा शहाणपणा. शेवाळ काढण्यासाठी तो तारेच्या ब्रशने घासू नये, दिश टीव्हीच्या छत्रीसाठी त्याला भोक पाडू नये. धोका पत्रा फुटताना, कापताना आणि घासताना असतो. सगळ्यांत वाईट म्हणजे ग्राइंडर. केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असे हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या खोल भागात जाऊन तिथेच राहतात. ते बाहेर काढणारे औषध नाही.

त्यातून फुफ्फुसे कडक होण्याचा आजार होतो, फुफ्फुसाचा कर्करोग होतो आणि फुफ्फुसावरील आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होतो. दक्षिण आफ्रिकेतील डॉ. वॅग्नर व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतले काहीजण खाणीत कधी उतरलेच नव्हते. ते फक्त खाणीच्या परिसरात राहिले होते. कामगारांचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाल्याच्या नोंदी पुढे जगभरातून आल्या. आणि तो दिसायला वीस ते चाळीस वर्षे लागतात.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती ही वर्षे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपून ठेवायला सांगितले. पण नाक्यावरून आणलेला रोजंदारीचा मजूर कुठल्या कारखान्याच्या हजेरीपटावर असतो? घरमालकाच्या आयुष्यात छप्पर एकदा उतरते. तो मजूर दर उन्हाळ्यात वीस छपरे उतरवतो, तोंडाला रुमाल बांधून. रुमालाने हे तंतू अडत नाहीत, साध्या सर्जिकल मास्कनेही नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एफएफपी-३ दर्जाचा मास्क लागतो, आणि तो आणून देणे हे काम देणाऱ्याचे काम आहे. मजुरीच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे.

काम करायचेच असेल तर ते अनुभवी ठेकेदाराकडून, वारा नसलेल्या दिवशी करावे. आधी वीज बंद करावी, पाण्याच्या टाक्या व विहीर झाकावी, घरातले सामान बाहेर न्यावे, मुले आणि शेजारी लांब राहतील असे पाहावे. मग पत्रे भिजवावेत. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे द्रावण टाकले तर पाणी चांगले मुरते. शेतातल्या फवारणी पंपासारखा हलका फवारा पुरतो (कीटकनाशकाचा पंप मात्र नको). गाड्या धुण्याचा जोराचा फवारा मारला तर तंतूच उडतात. ओला पत्रा निसरडा असतो आणि जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. पत्र्यावर पाय देऊन त्यातून खाली कोसळणे हा या कामातला पहिला, आणि चाळीस वर्षे न थांबणारा धोका आहे. त्यामुळे फळ्या टाकून, दोर बांधून, शक्यतो खालून परांची लावूनच काम व्हावे.

हूकचे नट तेल सोडून सैल करावेत, नाहीतर बोल्ट कटरने हूक कापावेत. हातोडा नको. तीन मीटरचा एक पत्रा चाळीस किलोंच्या आसपास भरतो. तो दोघांनी अखंड खाली द्यावा, टाकू नये. खाली जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर पत्रे रचावेत, ओले असतानाच दुहेरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने बंद करावेत आणि वर ‘अ‍ॅस्बेस्टॉस, फोडू नये’ असे मराठीत ठळक लिहावे. उरलेले तुकडे ओल्या फडक्याने टिपावेत. फडकीही त्याच पिशवीत जातील. खराटा आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही वर्ज्य. मजुरांनी तिथेच कपडे बदलून अंघोळ करावी, ते कपडे घरच्या धुण्यात जाऊ नयेत.

पुढचा प्रश्न अवघड आहे, आणि आपली व्यवस्था इथे तोकडी पडते हे मान्य करायला हवे. कारखान्यातला अ‍ॅस्बेस्टॉसचा कचरा कायद्याने घातक कचरा ठरतो. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे घातक कचऱ्यासाठी प्रकल्प आहेत. पण एका घराचे पंधरा पत्रे न्यायला दारात गाडी येत नाही. निदान चाळी आणि सोसायट्यांनी तरी ठेका देतानाच विल्हेवाटीची अट घालावी, महापालिकेच्या घनकचरा विभागाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी विचारावे. गावात एखाद्याच घराचे पत्रे असतील तर व्यवस्था होईपर्यंत ते अखंड, गुंडाळून, लोकांचा वावर नसलेल्या जागी झाकून ठेवावेत. जोत्यात किंवा रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून फोडून घालू नयेत. भंगारवाल्याला विकू नयेत. गोठ्यासाठी किंवा न्हाणीच्या आडोशासाठी कोणी फुकट मागितले तरी देऊ नयेत, कारण तिथे ते पुन्हा कापले जातात.

ज्यांनी पूर्वी एकदा घरचे पत्रे काढले आहेत, त्यांनी एक्स-रे काढायला धावू नये; त्यातून आज काही दिसणार नाही, आणि एकदाच्या संपर्काचा धोका कमी असतो. वर्षानुवर्षे हे काम केलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी विडी-सिगारेट सोडावी, कारण धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. चढताना दम लागू लागला, छातीत पाणी झाले, तर डॉक्टरांना आपले जुने काम न विचारता सांगावे. छातीतले पाणी म्हटले की आपल्याकडे आधी क्षयाचा विचार होतो आणि तो योग्यच आहे. पण उपचारांनंतरही पाणी पुन्हा भरत असेल, तर ‘मी पत्रे उतरवायचो’ एवढ्या एका वाक्याने तपासाची दिशा बदलू शकते.